आधी मीटर, मग पार्ट

बंगळूरमध्ये चिकपेटच्या मेट्रो स्टेशनातून वर येणारा बहुतेक माणूस रेशमी साड्यांच्या दुकानांकडे वळतो. गाडीवाल्याच्या वाटा वेगळ्या. एक सदर पत्रप्पा रोडची. सगळे त्याला एसपी रोडच म्हणतात. तिथे मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, वायरींची भेंडोळी आणि मोबाइलला जोडायचे छोटे स्कॅनर मिळतात. दुसरी वाट टाउन हॉलवरून जेसी रोडला जाते. पुण्याच्या नाना पेठेसारखाच हा सुट्या भागांचा बाजार: बेअरिंग, ब्रेकपॅड, हेडलाइट, आणि हल्ली काउंटरवर सर्रास मागितला जाणारा एबीएस सेन्सर.

बाजार इतका हाताशी असणं हेच एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत महागात पडतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की 'सेन्सर गेला' हे निदान तयारच असतं आणि सेन्सर अर्ध्या तासात हातात येतो. तो बसवला जातो, दिवा तसाच राहतो. मग दुसऱ्या चाकाचा आणला जातो. तरीही दिवा विझला नाही, की कुणीतरी 'युनिटच गेलंय' असं सांगून मोकळं होतं आणि बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या गुजरीतून, म्हणजे जुन्या भागांच्या बाजारातून, जुनं युनिट शोधायची तयारी सुरू होते. या सगळ्या खर्चापूर्वी एक मल्टिमीटर हातात घेतला असता, तर निम्म्याहून जास्त गोंधळ टळला असता, असं माझं ठाम मत आहे. बरा मीटर बहुतेक वेळा एका सेन्सरपेक्षा स्वस्तच पडतो.

हा प्रश्न आता छोट्या गॅरेजांपर्यंत आला, त्याला कारण आहे. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१८ पासून, आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून. त्या वेळी रस्त्यावर आलेल्या साध्या, स्वस्त गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. पूर्वी एबीएस म्हणजे महागड्या गाडीची चैन होती आणि तिचं दुखणं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात निस्तरलं जायचं. आता एबीएसची साधी गाडीही कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे येते.

खुद्द तंत्र मात्र जुनं आहे. रस्त्यावरच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक एबीएस खऱ्या अर्थाने रुजलं १९७८ मध्ये, बॉश कंपनीने मर्सिडीजच्या एस-क्लाससाठी दिलेल्या यंत्रणेपासून. त्याआधी १९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये डनलॉपची मॅक्सारेट नावाची यांत्रिक पद्धत होती. ती मूळची विमानांच्या चाकांसाठी. बॉशचं नाव बंगळूरकरांना परकं नाही. १९५१ साली स्थापन झालेली, आडुगोडीची 'मायको' म्हणजे तीच कंपनी, आणि मायको लेआउट नावाची वस्ती शहरात अजून आहे. आपल्याकडे पुण्याजवळच्या चाकणला तिचा ब्रेकयंत्रणांचा कारखाना आहे.

एबीएस नेमकं करतं काय? प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर त्या चाकाचा वेग सांगत असतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक इतर तीन चाकांपेक्षा झपाट्याने मंदावू लागलं, म्हणजे ते लॉक होण्याच्या बेतात आहे. मग बॉनेटखालचं युनिट त्या चाकाचा दाब क्षणभर अडवतं, सोडतं, पुन्हा देतं, हे सेकंदाला अनेकदा. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळे. युनिटमध्ये झडपा आहेत, एक पंप मोटार आहे आणि युनिटलाच चिकटलेला ईसीयू, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू. चार सेन्सर, युनिटला वीज देणारे जाडजूड फ्यूज, अर्थची वायर आणि बाकीच्या गाडीशी बोलणाऱ्या दोन वायरी. तपासायचं जग एवढंच.

दिवा लागला म्हणजे ब्रेक गेला, असं नाही. ईसीयूला स्वतःच्या माहितीवर भरवसा उरला नाही, की तो एबीएस बंद करतो आणि साधा हायड्रॉलिक ब्रेक तसाच ठेवतो. पण पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर मागच्या-पुढच्या चाकांत दाब वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. अशी गाडी हायवेला काढू नये.

आता पहिला प्रश्न. तो स्कॅनरला विचारायचा नसतो, गाडी चालवणाऱ्याला विचारायचा असतो: दिवा नेमका कधी लागतो?

या एका उत्तरात अर्धं निदान असतं. चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझला पाहिजे. त्या वेळात ईसीयू प्रत्येक सर्किट विजेच्या अंगाने तपासून घेतो: वायर तुटली आहे का, कुठे शॉर्ट आहे का, झडपांच्या कॉइल जागेवर आहेत का. दिवा विझलाच नाही, तर तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, निसटलेला कपलर यांच्याकडे बघायचं. दिवा व्यवस्थित विझला आणि गाडीने थोडा वेग घेतल्यावर पुन्हा लागला, तर गोष्ट वेगळी. सर्किट जोडलेलं आहे, पण चाक फिरत असताना येणारी माहिती चुकीची आहे किंवा येतच नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर लागत असेल, तर पुढच्या चाकामागे वाकणारी वायर. खड्ड्यात आदळल्यावर लागत असेल, तर सैल पिन. पहिल्या पावसानंतर लागला असेल, तर कपलरमध्ये शिरलेलं पाणी.

चिकपेटच्या गल्ल्यांत गाडी दहाच्या वेगानेही धड चालत नाही. इतक्या हळू चालीत ईसीयू चाकांच्या वेगाची पडताळणी पुरती करतच नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारचा बिघाड असलेली गाडी अॅव्हेन्यू रोडवर दिवसभर निरोगी दिसते आणि यशवंतपूरच्या पुढे, तुमकूर रोडवर मोकळी झाली की दिवा दाखवते.

अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. मालक सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. खानापूर-आटपाडी पट्ट्यातली ही गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. चिकपेट-नगरतपेटेतही त्यांची दुकानं आहेत. गावची जत्रा आणि दिवाळी त्यांना चुकत नाही, आणि सहाशेहून जास्त किलोमीटरचा तो हायवे त्यांना पाठ असतो. जत्रेला निघायच्या आधी गाडी दाखवायला आणलेली.

"दिवा कधी लागतो, शेठ?"

"हितं न्हाय लागत. तुमकूर रोडला लागलो की पेटतोय बघा. मग विट्यापतुर तसाच."

डॅशबोर्डच्या कप्प्यात जेसी रोडवरून घेतलेल्या सेन्सरचा रिकामा खोका होता. नवा सेन्सर पुढच्या डाव्या चाकाला आधीच बसवून झाला होता. त्याआधी महिनाभरापूर्वी हायवेवरच्या एका गॅरेजात त्याच चाकाचं बेअरिंग आवाज करतं म्हणून बदललं होतं. हे त्यांनी सहज सांगितलं, पण मला हवं होतं ते नेमकं हेच.

स्कॅनर लावला. कोड सी-००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाचं सर्किट. इथे बहुतेक लोक घसरतात. कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब झालेल्या भागाचं नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याच्या दोन वायरी येतात, कपलर येतो, ईसीयूची पिन येते, आणि ज्याच्याकडे बघून सेन्सर वेग मोजतो ती कडीही येते. एवढ्यांपैकी कोण, हे शोधायचं काम माणसाचं.

शोधण्याआधी सेन्सर कोणत्या जातीचा आहे हे कळायला हवं, कारण दोन जातींची तपासणी पूर्ण वेगळी आहे. जुन्या गाड्यांतला सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली कॉइल. समोरून दातेरी लोखंडी कडी फिरली की तिच्यात स्वतःहून वीज तयार होते. त्याला बाहेरून पुरवठा लागत नाही. मीटर ओहमवर ठेवून मोजलं तर साधारण एक ते दोन हजार ओहम दिसतात. चाक हाताने फिरवलं तर एसी व्होल्टवर थोडासा आकडा हलतो. फार हळू चाकावर मात्र हा सेन्सर मुका असतो.

नव्या गाड्यांतला सेन्सर आतून इलेक्ट्रॉनिक असतो. त्याला ईसीयूकडून पुरवठा लागतो आणि तो उत्तर देतो व्होल्टमध्ये नाही, करंटमध्ये: समोर चुंबकाचा एक ध्रुव आला की सुमारे ७ मिलिअँपिअर, दुसरा आला की सुमारे १४. हे ध्रुव असतात बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच दडवलेल्या चुंबकी कडीवर, चाळीस-पन्नास जोड्या. साठच्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेतं, म्हणजे सेन्सर त्या एका सेकंदात चारशेच्या आसपास ठोके मोजतो. या सेन्सरला ओहम मीटर लावून काहीही कळत नाही. उलट आतल्या सर्किटला इजा होऊ शकते. तरीही गॅरेजांत तो ओहमवर मोजला जातो, 'ओपन दाखवतोय' म्हणून फेकला जातो, आणि फेकलेला सेन्सर चांगला असतो.

त्या गाडीचा सेन्सर या दुसऱ्या जातीचा. चावी बंद करून कपलर काढला, चावी चालू केली आणि ईसीयूकडून येणाऱ्या दोन पिनांवर मीटर लावला. जवळजवळ बॅटरीइतके व्होल्ट आले. म्हणजे युनिटपासून चाकापर्यंतच्या वायरी आणि पुरवठा ठीक. मग मीटर मिलिअँपिअरवर ठेवून सेन्सरच्या रांगेत जोडला. सात. चाक जॅकवर उचललेलं होतं, ते हाताने हळूहळू फिरवलं. सातच. पूर्ण फेरा झाला तरी आकडा हलला नाही.

सेन्सर मेला की त्याच्यासमोर बघण्यासारखं काही नाही? हे ठरवायला सेन्सर त्याच्या भोकातून बाहेर काढला, वायर तशीच जोडलेली ठेवली आणि त्याच्या टोकापाशी एक छोटा लोहचुंबक उलटसुलट फिरवला. मीटरवर सात, चौदा, सात, चौदा. सेन्सर ठणठणीत. मग एक टाचणी दोऱ्याला बांधून सेन्सरच्या भोकातून आत बेअरिंगच्या सीलपर्यंत सोडली. ती ओढली गेली नाही. चुंबकी कडी तिथे नव्हतीच. बेअरिंग प्रेसमध्ये उलटं बसवलं गेलं होतं. चुंबकी बाजू बाहेर आणि साधी सील सेन्सरकडे. चाक त्यावर आवाज न करता फिरत होतं, वायरिंगमध्ये काही दोष नव्हता, म्हणून चावी फिरवल्यावर दिवा विझायचा. वेग आल्यावर तीन चाकं चाळीस सांगायची आणि चौथं शून्य.

एकदा हबमधून काढलेलं दाबाचं बेअरिंग परत वापरता येत नाही, त्यामुळे नवं आणावं लागलं. बसवण्याआधी त्याच टाचणीने दोन्ही सील तपासल्या. टाचणी जिकडे चिकटते ती बाजू सेन्सरकडे. बेअरिंग बदलणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकने ही दहा सेकंदांची तपासणी करायला हवी, आणि गिऱ्हाइकानेही ती मागून घ्यायला हरकत नाही.

सगळे बिघाड इतके सरळ हाती लागत नाहीत. सगळ्यात चकवणारं दुखणं अर्थचं. एबीएसची पंप मोटार चालू होते तेव्हा क्षणभर दहादहा अँपिअरांच्या पटीत करंट ओढते, आणि तो सगळा करंट बॉडीला बोल्ट केलेल्या एका वायरीतून परत जातो. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं की त्या बोल्टखाली रंग जातो. कोकणात किंवा गोव्यात राहिलेल्या गाडीत खारी हवा तिथे गंज चढवते. वायरीचे बरेचसे तंतू आतून तुटलेले असले आणि एकदोनच शाबूत असले, तरी ओहम मीटर 'ठीक' म्हणतो, कारण तो मोजताना नावापुरताच करंट सोडतो. ओढ्यावरचा साकव एका माणसाला पेलतो म्हणून त्यावरून बैलगाडी घालता येत नाही, तसं हे आहे. खरी परीक्षा भार टाकून घ्यायची. हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्ब घ्यायचा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. युनिटचा कपलर काढून त्याच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांना हा बल्ब जोडायचा. बल्ब झगझगीत पेटला तर वायर खरोखर चांगली. मिणमिणला तर ओहम मीटर काहीही म्हणो, दोष तिथेच आहे. मग बल्ब पेटलेला असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं अर्थच्या पिनेला लावायचं. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बोल्ट खोलायचा, रंग खरवडायचा, घट्ट आवळायचा. खर्च पॉलिश पेपरचा.

बॅटरीचंही असंच. अशक्त बॅटरीवर स्टार्टर मारताना व्होल्ट इतके खाली जातात, की ईसीयू कमी व्होल्टेजचा कोड लिहून दिवा लावतो. म्हणून कोणत्याही तपासणीआधी बंद गाडीत साडेबाराच्या आसपास आणि चालू इंजिनावर चौदाच्या आसपास व्होल्ट आहेत ना, हे बघून घ्यावं. त्यानंतर फ्यूज. पंपाचा आणि झडपांचा असे दोन मोठे फ्यूज वेगवेगळे असतात. एकच शाबूत बघून पुढे जाऊ नये.

कपलरच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. वायरीच्या रबरात टाचणी खुपसून मोजण्याची सवय सोडा. चाकाच्या कमानीत उडणारं पाणी त्या भोकातून आत शिरतं, तांब्याला कळंक चढतो, हिरवी पूड वायरीच्या आत वीतभर पसरते आणि सहा महिन्यांनी बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून संपलेली असते. कपलरच्या मागच्या बाजूने, पिनेला लागून बारीक टोक सरकवून मोजावं. वायर जोडायचीच असेल तर चाकाजवळच्या हलत्या भागात सोल्डर टिकत नाही. कडक झालेल्या जागेशेजारी वायर पुन्हा तुटते. चांगल्या क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह बसवावी, आणि दोन वायरींना मुळात पीळ असेल तर तो तसाच ठेवावा. पीळ सोडला की शेजारच्या वायरींचा गोंगाट सेन्सरच्या सर्किटमध्ये शिरतो.

कोड नसतानाही दुखणं असू शकतं. गाडी थांबत आली, वेग दहाच्या आत आला, रस्ता कोरडा आहे, तरी पेडल थरथरतं आणि दिवा मात्र लागत नाही. अशा वेळी स्कॅनरवर कोड न बघता चारही चाकांचे वेग आलेखात बघावेत. तीन रेषा एकत्र उतरतात आणि एक मध्येच शून्याला टेकून परत येते. दातेरी कडीला चीर गेली आहे, किंवा गंजामुळे ती फुगून सेन्सरपासूनचं मिलिमीटरभराचं अंतर बिघडलं आहे. ईसीयूला वाटतं ते चाक लॉक झालं, म्हणून तो त्याचा दाब सोडतो. अशा गाडीला थांबायला जास्त जागा लागते, म्हणून दिवा नसला तरी हे दुखणं मी पेटलेल्या दिव्याहून गंभीर मानतो.

एबीएसबरोबर स्पीडोमीटरही बंद पडला, आणखी दोन-तीन दिवे लागले, आणि स्कॅनरला एबीएसचं युनिट सापडतच नाही, असं झालं तर सेन्सर विसरा. तेव्हा युनिटचा पुरवठा आणि कॅन नावाच्या दोन वायरी तपासायच्या. बॅटरीची केबल काढून स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजले, तर अनेक गाड्यांत ६० यायला हवेत, कारण ओळीच्या दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसले तर शॉर्ट. ज्या गाड्यांत सॉकेटमागे गेटवे असतो, तिथे ही मोजणी युनिटच्या कपलरपाशी करावी लागते. एवढं सगळं ठीक निघालं, वीज, अर्थ आणि दोन्ही वायरी जागेवर असूनही युनिट गप्पच राहिलं, तरच युनिटवर बोट ठेवायचं. गुजरीतलं जुनं युनिट घेताना त्यावरचा क्रमांक जुळला पाहिजे, ते गाडीला कोडिंग करून ओळखवावं लागतं, आणि त्याच्या पोटातली हवा काढायला अनेकदा स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो. याची सोय नसेल त्याने ते खोलू नये.

काम झाल्यावर कोड पुसला तरी दिवा लगेच विझेल असं नाही. पुष्कळ गाड्यांत चारही चाकांचा वेग प्रत्यक्ष आलेला दिसेपर्यंत ईसीयू दिवा सोडत नाही. म्हणून पेठेत उभ्या गाडीवर निकाल देता येत नाही. गाडी मोकळ्या रस्त्याला न्यायची, वीस-तीसच्या पुढे वेग घ्यायचा, शेजारी बसलेल्याने स्कॅनरवर चारही आकडे बरोबरीने चढताना बघायचे. मग मागेपुढे कुणी नाही अशी जागा बघून, सीटबेल्ट लावून, चाळीसच्या वेगाला एकदा पेडल करकचून दाबायचं. थरथर जाणवली पाहिजे, गाडी सरळ थांबली पाहिजे. आणि चावी बंद करून पुन्हा फिरवल्यावर दिवा तीन सेकंदांत विझला पाहिजे.